लहर, अंतर आणि आडोसा

आजच्या भाषणाचा विषय पुस्तकांत मोठ्या भारदस्त नांवानें वावरतो. विद्युच्चुंबकीय क्षेत्रें आणि सपाट लहरींचें प्रसरण, असें तें नांव. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी या नांवानें धास्तावतात आणि इतर मंडळी तें ऐकतांच दुसरें केंद्र लावूं पाहतात. माझी विनंती इतकीच कीं, आपण थोडा धीर धरावा. कारण हा विषय आतां महाविद्यालयाच्या भिंतींआड राहिलेला नाहीं. तो आपल्या खानदेशाच्या शेतांवरून आणि घरांवरून रोज ये-जा करीत आहे.

धुळ्याजवळच्या मोठ्या उपकेंद्राकडे ७६५ किलोव्होल्टच्या तारा कपाशीच्या रानांवरून येतात. साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ सालीं उभा राहिला. जळगांवचें आकाशवाणी केंद्र मध्यम लहरीवरून खेडोपाडीं पोंचलें. आणि अलीकडे गांवोगांवच्या ग्रामसभेपुढें मोबाइलच्या टॉवरचा प्रश्न येऊं लागला आहे. एका गांवीं लोक म्हणतात, "टॉवर नको, त्याच्या लहरींनीं रोग होतात." तेथून थोड्याच अंतरावर सातपुड्याच्या घडींत वसलेल्या पाड्यावरचे लोक म्हणतात, "आमच्याकडे टॉवर केव्हां होणार? बाळंतिणीसाठीं गाडी बोलवावयाची तर माणूस डोंगरावर चढवावा लागतो." एकाला लहरीची भीति वाटते, दुसरा लहरीवांचून अडून बसला आहे. दोघांनाहि द्यावयाचें उत्तर एकाच शास्त्रांत आहे, आणि तें दोघांसहि कोणी नीट सांगितलेलें नाहीं.

तें उत्तर तीन प्रश्नांत मांडतां येतें. लहर किती लांब आहे? तिचा उगम आपणांपासून किती दूर आहे? आणि वाटेंत आडोसा कशाचा आहे? हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याहि लहरीला भिऊं नये, आणि कोणत्याहि लहरीची वाटहि पाहूं नये. आजचें माझें सांगणें एवढेंच आहे. बाकीचा वेळ मी त्याच्या खुलाशासाठीं घेणार आहें.

प्रथम 'क्षेत्र' हा शब्द घेऊं. संस्कृतांत क्षेत्र म्हणजे शेत. शेताच्या प्रत्येक वाफ्यांत ओल किती आहे हें जसें सांगतां येतें, तसें अवकाशाच्या प्रत्येक बिंदूवर विजेचा ओढा किती आणि कोणत्या दिशेनें आहे हें सांगितलें, म्हणजे विद्युत्क्षेत्राचें वर्णन झालें. चुंबकाच्या ओढ्याचें असेंच वर्णन केलें म्हणजे तें चुंबकीय क्षेत्र. हीं दोन शेतें शेजारीं शेजारीं असून एकमेकांपासून अलग आहेत, असा समज पुष्कळ काळ होता. बदलत्या चुंबकीय क्षेत्रापासून वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलें. पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें याची उलट बाजू गणितानें पुरी केली. विद्युत्क्षेत्र बदलूं लागलें कीं, त्यापासून चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें, असें त्यानें मांडलें. दोन्ही विधानें एकत्र केलीं म्हणजे निष्पन्न असें होतें कीं, एका क्षेत्राच्या बदलांतून दुसरें आणि दुसऱ्याच्या बदलांतून पहिलें जन्मास येत राहतें, आणि ही जोडी उगमापासून सुटून स्वतंत्रपणें पुढें चालूं लागते. हिलाच विद्युच्चुंबकीय लहर म्हणतात. १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत मॅक्सवेलनें या लहरीचा वेग गणितानें काढला. तो भरला सेकंदास सुमारें तीन लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचाच वेग. प्रकाश हाहि याच जातीची लहर आहे, हा निष्कर्ष तेथूनच निघाला.

कागदावरची ही लहर जर्मनींत हाइनरिख हर्ट्झ यानें १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगशाळेंत प्रत्यक्ष उत्पन्न करून दाखविली. आपल्या देशांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यांत कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून, त्या भिंतींपार पाठवून दाखविल्या. ज्या इवल्या लहरींकडे सारें जग पुढें अर्धशतकानें वळलें, त्यांचा अभ्यास भारतांत इतक्या लवकर झाला होता, ही गोष्ट आपणांस अभिमानास्पद आहे.

आतां पहिला प्रश्न : लहर किती लांब? एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचें अंतर ती लहरीची लांबी. वेग सर्वांचा एकच असल्यामुळें, सेकंदाला कंपनें जितकीं अधिक तितकी लहर आंखूड. आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० कंपनें करते. तिची लहर ६००० किलोमीटर लांब होते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा सारा देश तिच्या एका लांबींत दोनदां ठेवला तरी मावेल, जवळजवळ इतकी ती मोठी. जळगांव आकाशवाणी ज्या मध्यम लहरीवर घरोघरीं ओळखीची झाली ती ९६३ किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारें ३११ मीटर लांबीची; एखाद्या मोठ्या शेताच्या बांधाइतकी. मोबाइलची १८०० मेगाहर्ट्झची लहर १७ सेंटिमीटर, वितीहूनहि आंखूड. आणि उन्हांतील पिवळसर प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहून फार मोठी नाहीं. जात एक, नियम एकच. पण लांबींत हत्ती आणि मुंगी यांहूनहि मोठा फरक. लहरीची वागणूक कशी होणार हें तिच्या लांबीवरून ठरतें. पण ती लांबी नुसती मोजून भागत नाहीं, समोरच्या वस्तूच्या आकाराशीं ताडून पाहावी लागते.

दुसरा प्रश्न अंतराचा. 'सपाट लहर' हा शब्द येथें उपयोगी पडतो. विहिरींत खडा टाकला म्हणजे पाण्यावर वर्तुळें उठतात. खड्याच्या जवळ तीं वर्तुळें लहान व चांगलीं वांकलेलीं असतात. पण मोठ्या तलावाच्या कांठीं पोंचेपर्यंत त्यांचा एवढा विस्तार होतो कीं, कांठावर उभ्या असलेल्या माणसाला सरळ ओळीच येत आहेत असें वाटतें. पृथ्वी गोल आहे. तरी तापीकांठच्या केळीच्या बागेंत उभें राहून ती सपाटच दिसते, याचें कारणहि तेंच. आकाशवाणीच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर अर्धगोलासारखी पसरते. पण दूर गेल्यावर तिचा जो लहानसा तुकडा आपल्या घरावरून जातो, तो सपाट पत्र्यासारखा असतो.

हें नुसतें बोलण्यापुरतें नव्हे. हिशेब करून पाहूं. जळगांवपासून धुळें सरळ रेषेंत सुमारें ८३ किलोमीटर आहे. ३११ मीटरची लहर घेतली तर या दोन शहरांच्या दरम्यान एका वेळीं सुमारें २६६ शिखरें मांडलेलीं असतात, आणि तेवढें अंतर तोडावयास लहरीला सेकंदाच्या तीन हजाराव्या भागाहूनहि कमी वेळ लागतो. आतां धुळ्यांतील दहा मीटर रुंदीच्या घरापुरता त्या लहरीचा तुकडा घेतला, तर मध्यापासून कडेपर्यंत त्याचा बांक किती भरतो? मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याइतका. ३११ मीटरच्या लहरीपुढें याला बांक म्हणणेंहि हास्यास्पद आहे. अभियंता ही लहर सपाट धरतो आणि त्याचें उत्तर चुकत नाहीं.

सपाट लहरीची रचना फार नेटकी असते. लहर ज्या दिशेनें चालते त्या दिशेशीं विद्युत्क्षेत्र काटकोनांत असतें, चुंबकीय क्षेत्रहि काटकोनांत असतें, आणि तीं दोन्ही परस्परांशींहि काटकोनांतच असतात. शिवाय दोन्ही एकाच तालावर चढतात व उतरतात. त्यांचें प्रमाणहि ठरलेलें असतें : विद्युत्क्षेत्राला चुंबकीय क्षेत्रानें भागलें कीं, हवेंत उत्तर ३७७ ओहम येतें. म्हणून सपाट लहरीचें एक क्षेत्र मोजलें कीं दुसरें न मोजतां कळतें, आणि दोहोंचा गुणाकार केला कीं, प्रत्येक चौरस मीटरांतून किती शक्ति वाहते तें कळतें. ही सोय केवळ सपाट लहरींत आहे, हें मात्र ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची गरज लागणार आहे.

ज्यांच्या घरीं मध्यम लहरींचा लहानसा ट्रान्झिस्टर आहे त्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. संचाच्या आंत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली एक काळी कांडी आडवी बसविलेली असते; ती लहरीचें चुंबकीय क्षेत्र पकडते. केंद्राचा मनोरा उभा, म्हणून त्या लहरीचें विद्युत्क्षेत्र उभें. तेव्हां चुंबकीय क्षेत्र आडवें, आणि केंद्राकडील दिशेशीं काटकोनांत असलें पाहिजे. दिवसा जवळचें एखादें केंद्र लावून संच हळूहळू फिरवावा. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी असली कीं आवाज स्पष्ट येतो, आणि कांडीचें टोंक केंद्राकडे झालें कीं आवाज क्षीण होतो. मॅक्सवेलचें गणित या साध्या प्रयोगानें आपल्या ओट्यावर तपासतां येतें.

सर्वांत सपाट लहर पाहावयाची तर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जावें. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० महाकाय थाळ्यांची रेडिओ दुर्बीण उभारलेली आहे. त्यांपैकीं कांहीं थाळ्या एकत्र, तर बाकीच्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या विस्तारांत पसरलेल्या आहेत. आकाशगंगांपासून येणारी लहर एवढ्या अफाट विस्तारावरहि सपाट असते. ती कोणत्या थाळीवर क्षणभर आधीं आणि कोणत्या थाळीवर नंतर आदळली, यावरून तिची नेमकी दिशा निश्चित करतात. अंतर वाढलें म्हणजे लहर किती सोपी होते, याचें याहून चांगलें उदाहरण दाखवितां येणार नाहीं.

आतां अंतर पुरेसें नसलें म्हणजे काय होतें तें पाहूं. मोठ्या तारांखालीं नांगर धरणारा शेतकरी विचारतो, "या तारांच्या लहरी माझ्या अंगांतून जातात काय?" याचें खरें उत्तर असें कीं, तेथें लहर म्हणावी अशी वस्तूच नाहीं. उगमापासून लहर सुटून स्वतंत्र होण्यास साधारणतः तिच्या लांबीच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक दूर जावें लागतें. मध्यम लहरीच्या बाबतींत हें अंतर पन्नासएक मीटर होतें. पण घरगुती विजेच्या ६००० किलोमीटरच्या लहरीसाठीं तें हजार किलोमीटरच्या घरांत जातें. म्हणजे सबंध खानदेश, किंबहुना सबंध महाराष्ट्र, त्या तारांच्या 'जवळ'च आहे. तारांखालीं जें असतें तें तारांना चिकटून राहिलेलें क्षेत्र. तें उगमापासून सुटून दूर चालून जात नाहीं.

येथें ३७७ ओहमांचा तो नियम लागत नाहीं. दोन क्षेत्रें परस्परांपासून मोकळीं असतात : विद्युत्क्षेत्र तारेच्या दाबावर अवलंबून, आणि चुंबकीय क्षेत्र तारेंतून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून. प्रवाह नाममात्र असला तरी दाब तसाच राहतो, म्हणून तारांखालीं दंड्याला धरलेली दिव्याची नळी अंधारांत मंद उजळतांना दिसते. एका तारेंतून हजार अँपिअरचा प्रवाह जात असला, तर वीस मीटरवर तिचें चुंबकीय क्षेत्र सुमारें दहा मायक्रोटेस्ला भरतें. तीन तारांचीं क्षेत्रें एकमेकांना बऱ्याच अंशीं मारतात, म्हणून प्रत्यक्षांत तें याहून कमी होतें. सामान्य नागरिकांसाठीं आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१० सालीं सांगितलेली मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे.

मग तारांखालीं भिण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, पण तें वेगळ्या ठिकाणीं आहे. तारांच्या रांगेला समांतर लांब कुंपण असेल, तर त्याच्या तारेंत विद्युत्प्रभार सांठतो आणि हात लावणाऱ्याला चटका बसतो. म्हणून असें कुंपण ठरावीक अंतरावर जमिनीशीं जोडून घ्यावें. रबरी चाकांच्या ट्रॅक्टरला हात लावतांना झिणझिण्या येतात, त्याचेंहि कारण हेंच. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे पाणी देण्याचा धातूचा पाइप. पाइप आंतून साफ करण्यासाठीं किंवा त्यांत शिरलेलें जनावर झटकण्यासाठीं तो उभा केला जातो आणि त्याचें टोंक तारेजवळ पोंचतें. मोठ्या तारा पुष्कळ उंच असतात. पण ११ आणि ३३ किलोव्होल्टच्या तारा कितीतरी खालीं असतात, आणि जेथें दाब मोठा तेथें प्रत्यक्ष स्पर्शाचीहि गरज नसते. हवा फुटून वीज उडी घेते. अदृश्य लहरीची धास्ती घेणारा माणूस डोळ्यांसमोरच्या तारेखालीं पाइप उभा करतो, ही आपल्याकडील खरी शोचनीय गोष्ट आहे. तारेखालीं पाइप नेहमीं आडवाच धरावा आणि आडवाच न्यावा. हें एक वाक्य ज्या घरांतील गडीमाणसांस आज रात्रीं सांगितलें जाईल, त्या घरीं हें भाषण कारणीं लागलें असें मी समजेन.

टॉवरकडे वळण्यापूर्वीं मोजमापासाठीं एक ओळखीची लहर घेऊं : ऊन. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर, म्हणून त्याच्या प्रत्येक बिंदूपासून येणारी लहर आपल्यापाशीं सपाटच असते. वैशाखांतल्या निरभ्र दुपारीं सूर्याकडे तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारें १००० वॅट शक्ति पडते. ३७७ चा नियम लावला तर या उन्हांतील विद्युत्क्षेत्र मीटरला सुमारें ६०० व्होल्ट निघतें. साक्रीच्या प्रकल्पांतील काळसर पट्ट्या हीच शक्ति झेलून तिची वीज करतात, आणि आपण उघड्या डोक्यानें फिरलों तर हीच शक्ति आपल्याला ऊन लागावयास लावते.

आतां टॉवर. त्यावरील उभट पेट्या विजेरीच्या झोतासारखी लहर समोर, किंचित् खालीं झुकवून फेंकतात. टॉवरच्या पायथ्याशीं झोत मुळींच कमी असतो. समजा, वीस वॅटचें यंत्र आहे आणि पेटीनें झोत एकवटल्यामुळें समोरच्या दिशेस तें हजार वॅटच्या दिव्यासारखें भासतें. शंभर मीटरवर ही शक्ति पसरून प्रत्येक चौरस मीटरला सुमारें ८ मिलिवॅट उरते. दुपारच्या उन्हाचा हा सव्वा लाखावा भाग झाला. दोनशें मीटरवर ती चौथाई होते, तीनशेंवर नवमांश. कारण अंतर दुप्पट झालें कीं तीच शक्ति चौपट क्षेत्रावर पसरते. भारत सरकारनें २०१२ सालीं टॉवरसाठीं आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश एवढीच मर्यादा घातली; १८०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरला सुमारें ९०० मिलिवॅट होते. आपल्या उदाहरणांतील टॉवर त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि खालीं आहे. एका खांबावर अनेक कंपन्यांच्या पेट्या असल्या तर बेरीज करावी लागेल, आणि ती करून दाखवा असें मागण्याचा गांवाला पूर्ण अधिकार आहे.

कोणी म्हणेल कीं, ऊन आणि ही लहर यांची तुलना योग्य नव्हे. आक्षेप रास्त आहे. ऊन कातडीवरच थांबतें, ही लहर कांहीं सेंटिमीटर आंत शिरते. पण दुसरीहि एक गोष्ट आहे. लहर आपली शक्ति कणाकणांनीं देते, आणि त्या कणाचा जोर कंपनसंख्येवर अवलंबून असतो. मोबाइलच्या लहरीचा कण हा पिवळ्या प्रकाशाच्या कणाच्या सुमारें पावणेतीन लाखाव्या भागाइतका दुबळा असतो. क्ष-किरणांप्रमाणें अणूंची मोडतोड करणें त्याच्या आवांक्याबाहेर आहे. अंगांत शिरून तो ऊब मात्र देऊं शकतो, आणि मर्यादा ठरविल्या आहेत त्या या उबेवरूनच. तरीहि पूर्ण सत्य सांगितलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००२ सालीं विजेच्या तारांच्या चुंबकीय क्षेत्राला आणि २०११ सालीं या बिनतारी लहरींना 'कदाचित् कर्करोगकारक' या वर्गांत घातलें. याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, पण शंका पुरी मिटलेली नाहीं. अशा स्थितींत शहाण्या माणसानें काय करावें? जेथें लहर सर्वांत प्रबळ आहे तेथें सावध असावें. आणि ती सर्वांत प्रबळ असते कानाला लावलेल्या यंत्रापाशीं, टॉवरपाशीं नव्हे. तें यंत्र फार तर वॅटच्या पांचव्या हिश्श्याएवढी शक्ति बाहेर टाकतें. पण अंतर बोटभर!

यांतच एक गंमतीचा पेंच आहे. मोबाइल आपली शक्ति स्वतः कमीजास्त करतो. टॉवर जवळ व स्पष्ट असला तर तो अगदीं हळू बोलतो; टॉवर दूर असला किंवा मध्यें आडोसा असला, तर तो घसा फोडून ओरडतो. म्हणून जें गांव भीतीपोटीं टॉवर दूर लोटतें, त्या गांवांतील माणसांच्या कानांशीं अधिक प्रबळ लहर येऊन बसते. भीति वाटणें चूक नव्हे. पण तिचें तोंड चुकीच्या दिशेला वळलें म्हणजे ती आपलेंच नुकसान करते.

उरला तिसरा प्रश्न : आडोसा. लहर आडोशामागें वळते कीं नाहीं, हें आडोसा आणि लहरीची लांबी यांच्या प्रमाणावर ठरतें. तीनशें मीटर उंचीची टेंकडी मध्यम लहरीला केवळ एका लहरीएवढी. ती तिच्या अंगावरून वळून पलीकडे उतरते. शिवाय खानदेशची काळी, ओल धरणारी माती वीज बरी वाहून नेते, म्हणून अशी लहर जमिनीला धरून लांबवर जाते. तीच टेंकडी १७ सेंटिमीटरच्या लहरीपुढें मात्र अठराशें लहरींएवढा पर्वत होते, आणि तिच्यामागें सांवली पडते. ही सांवली उन्हाच्या सांवलीसारखी रेखीव नसते, कडेला थोडी उजळ असते. पण दरीच्या तळाशीं मोबाइल मुका होतो. घरावरील दूरदर्शनच्या थाळीचीहि हीच कथा. तिची लहर अडीच सेंटिमीटरची. इतक्या आंखूड लहरीला मुसळधार पावसाचे टपोरे थेंबहि अडवूं लागतात, आणि ऐन आषाढांत चित्र गोठतें. मध्यम लहरीला तोच पाऊस जाणवतहि नाहीं.

म्हणून तापीच्या सपाट खोऱ्यांत चाळीस मीटरच्या मनोऱ्याची दृष्टि गणितानें सव्वीसएक किलोमीटरपर्यंत पोंचते. आणि उत्तरेस सातपुड्यांत, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगरी अंगास किंवा नंदुरबार जिल्ह्यांतील अक्राणींत, टॉवर दोन किलोमीटरवर असूनहि पाडा मुका राहतो. अस्तंभ्याचा डोंगर १३२५ मीटर उंच. एवढ्या उंचीच्या रांगांतून घड्यांमागून घड्या पडलेल्या. २०२० सालीं शाळा बंद झाल्या तेव्हां या डोंगरांतलीं मुलें धड्यासाठीं टेंकडीवर जाऊन बसत, तें शाळेच्या हट्टानें नव्हे, तर लहरीच्या नियमानें. टेंकडीचा माथा म्हणजे सांवलीबाहेरची जागा.

या नियमांतच उपायहि आहे. टॉवर रस्त्याच्या सोयीनें नव्हे, तर माथ्याच्या सोयीनें उभारावा. एका उंच टॉवरऐवजीं घडीगणिक लहान लहान टॉवर द्यावे. आणि डोंगरी मुलुखाला ७०० मेगाहर्ट्झसारखी लांब लहर द्यावी, कारण ४३ सेंटिमीटरची लहर १७ सेंटिमीटरच्या लहरीहून अधिक वळते. खर्च वाढतो, हें खरें. पण "नकाशाप्रमाणें टॉवर जवळच आहे" हें उत्तर मात्र खपवून घेण्याचें कारण नाहीं. नकाशावर अंतर दिसतें, आडोसा दिसत नाहीं. पाड्यावरील मंडळींनीं अर्ज करतांना गांवापासून टॉवरचें अंतर लिहूं नये. मधल्या रांगेचें नांव व उंची लिहावी, आणि कोणत्या माथ्यावरून दोन्ही बाजू दिसतात तें लिहावें. असा अर्ज वाचणाऱ्या अभियंत्याला टाळाटाळ करणें जड जातें, कारण तो त्याच्याच भाषेंत लिहिलेला असतो.

श्रोतेहो, मॅक्सवेलचीं समीकरणें प्रत्येकाला सोडवितां आलीं पाहिजेत असें नाहीं. पण पुढच्या ग्रामसभेंत लहरींची गोष्ट निघाली, तर लांबी, अंतर आणि आडोसा हे तीन प्रश्न कोणींतरी उभें राहून विचारावे. त्यांचीं उत्तरें मिळालीं तर खालच्या गांवची भीति निम्मी होईल, आणि वरच्या पाड्याची हांक खालीं ऐकूं येण्याचा मार्ग मोकळा होईल. आणि तारेखालीं पाइप आडवा धरावा, हें मात्र आजच घरीं सांगावें.